एका घडीच्या चाकूसाठी काटोल

माझा जुना चाकू हरवला आणि नवा मी मोबाईलवर फोटो बघून मागवला, तिथून ही सहल सुरू झाली. नागपूरच्या नंदनवन भागात माझं पंप-मोटर दुरुस्तीचं दुकान आहे. सुरुवात लोकांच्या घरी वायर ओढण्यापासून केली, तेव्हापासून खिशात घडीचा चाकू असतोच. नवा आला तो काळाकुट्ट, अर्धं पातं दातेरी, मुठीला शिट्टी. मी जाम खूश.

तेवढ्यात काटोलहून सासऱ्यांचा फोन. मी त्यांना मामाजी म्हणतो. सासूबाई गेल्या, पण त्यांनी अंगणात लावलेलं संत्र्याचं झाड होतं, तेही आता डिंक्या रोगानं चाललं होतं. एकच फांदी हिरवी उरलेली. तिचे डोळे, म्हणजे पानांच्या बगलेतले कोंब, काढून जंबेरीच्या, म्हणजे रानटी लिंबाच्या, रोपांवर बांधले, तरच ते झाड पुढे चालणार. कलम बांधणारे कारागीर नर्सऱ्यांत गुंतलेले आणि मामाजींचा हात अलीकडे थरथरतो.

"मी बांधतो," मी म्हणालो.

पलीकडून उत्तर आलं, "या."

शनिवारी सकाळी मी आणि बायको, शोभा, निघालो. तुम्हीही खिशात चाकू ठेवत असाल तर एक सूचना: मेट्रोचा विचार सोडा, तपासणीत अडाल. आम्ही ऑटोनं बसस्थानक गाठून काटोलची बस धरली. दोनेक तास धरून चाला. मागच्या सीटवर संत्र्याचे दोन व्यापारी.

"काहून गा, पिकते काटोलात अन् पेटीवर नाव नागपूरचं?"

"मंग काय लिवू? पुण्याचा गिऱ्हाईक विचारते, काटोल कुठं आलं म्हणून!"

घरी पोचताच मी ऐटीत चाकू पुढे केला. मामाजींनी हात मागे घेतला. चाकू हातातून हातात दिला की भांडण होतं, असं इकडे मानतात. मी तो पायरीवर ठेवला, त्यांनी उचलला आणि झाडाच्या वाळक्या बाजूच्या एका काडीवर ओढला. सालीचे धागे निघाले.

"जवाईबापू, हा चाकू हाय का करवत? उंदरानं कुरतडल्यावानी करून राहिला."

शोभा तोंडाला पदर लावून हसत होती. मामाजी मात्र हसले नाहीत. "हिरव्या फांदीले हा लावू देनार नाही मी. चार रोज टिकन फांदी, जास्त नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळीच बाजार गाठला. फळांच्या ढिगांपलीकडे एका लोहारीणबाईनं पोत्यावर विळे, खुरपी आणि घडीचे चाकू मांडले होते. मोटरचं बेअरिंग गेलं की नाही हे मी आवाजावरून सांगतो. चाकूही तसाच पारखला. एकेक उघडून कानाशी धरू लागलो.

"काय भाऊ, फोन हाय का तो?"

"आवाज ऐकून राहिलो, बाई."

"मंग काय म्हंते?"

बहुतेक चाकू 'ट-टक' म्हणत होते. म्हणजे पात्यामागची स्प्रिंग नीट बसलेली नाही; असा चाकू कधीतरी बोटावर मिटतो. एकच जण स्वच्छ 'टक' बोलला. लाकडी मूठ, सरळ पातं, धार एकाच अंगानं.

"कलमवाल्यांचा हाय तो," बाई म्हणाली. "पुसून तेल नाही लावलं तर काळा पडन, मंग मले नाव ठेवू नका."

कागद तर कोणताही चाकू कापतो. मी खिशातून वायरचा तुकडा काढला आणि पातं गोल फिरवलं. वरचं प्लास्टिक अलगद सुटलं, तांब्यावर चरासुद्धा नाही! मी लगेच पैसे मोजले. ऑनलाईन जेवढे घालवले, त्याच्या सहाव्या हिश्शात काम झालं. घासाघीस केली नाही.

अंगणात परतलो. कलमाचं कामही वायर सोलण्यासारखंच होतं. रोपाची साल कापायची, आतलं लाकूड दुखवायचं नाही. मामाजींनी पहिल्या रोपावरची माझी चीर जवळून पाहिली, नखानं साल उचलली आणि दुसरं रोप पुढे सरकवलं. मग मी डोळा काढायचा, सालीखाली सरकवायचा, शोभानं पट्टीनं बांधायचं. ऊन उतरेपर्यंत एकवीस रोपं झाली. गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले कणकेचे रोडगे आणि वांग्याची भाजी त्या दिवशी मी किती खाल्ली, ते विचारू नका. निघताना पाहतो तर चाकू पुसून, तेल लावून पायरीवर ठेवलेला. मामाजी आत होते.

तीन आठवड्यांनी त्यांनी व्हिडिओ कॉल केला, तेव्हा शोभा डबा घेऊन दुकानात आली होती. डोळ्याखाली पानाचा छोटा देठ ठेवलेला असतो. बोट लावताच तो गळला तर डोळा जगला. चिकटून राहिला तर मेला. पडद्यावर मामाजींचं बोट आलं. नुसतं टेकलं आणि देठ खाली पडला. पुढचं रोप. त्याचाही देठ पडला. दुकानातलं गिऱ्हाईक ताटकळत होतं, मी त्याला बसायला सांगितलं. एकविसातले एकोणीस!

"शोभा वं," मामाजी म्हणाले, "तुही माय आली परत."

शोभानं फोन माझ्याकडे दिला. मीच विचारलं, "चाकू कसा वाटला, मामाजी?"

"चाकू बरा हाय." मग म्हणाले, "पुढच्या हिवाळ्यात कलमवाल्याले बोलावत नाही मी. तुमीच या."

काळा चाकू आता दुकानात खोकी फोडतो. शिट्टी मात्र जोरात वाजते. दुसरा माझ्या खिशात आहे. हे लिहितानाही एकदा उघडून ऐकला. टक.