टाकीचा कापलेला कोपरा

आमच्या साखर कारखान्याच्या अतिथिगृहात काचेच्या पेटीत एक इंजिन उभे आहे. वीतभरही लांब नाही. ते मी केले. परदेशातून आलेल्या चांगल्या तयार इंजिनाचे मी वाटोळे केले, त्याच्या टाकीचा कोपरा चुकीचा कापला आणि ती चूक झाकण्यासाठी एका माणसाला पढवून साक्षीला आणले, असे टपरीवर आजही ठामपणे सांगितले जाते. सांगणाऱ्यांपैकी एकही जण ती साक्ष झाली त्या खोलीत नव्हता. मी होतो.

आधी ‘वाटोळे’ या शब्दाचा समाचार घेतो. मी कारखान्यात फिटर म्हणून लागलो आणि वर्कशॉपचा फोरमन होऊन निवृत्त झालो. त्यानंतर तयार मिळणाऱ्या छोट्या इंजिनांपासून आपल्याकडची जुनी वाफेची इंजिने घडवण्याचा नाद मला लागला. नेवाशाकडच्या मळ्यांतून ऊस ओढून आणणाऱ्या आमच्या इंजिनाची प्रतिकृती जगाच्या बाजारात कुठेही मिळत नाही. मिळते ती परदेशातल्या रुंद रुळांवर डबे ढकलणाऱ्या एका ठेंगण्या इंजिनाची. तिची चाके आणि मोटर तशीच ठेवायची. केबिन काढून पितळी पत्र्याची उंच केबिन डाग देऊन बसवायची, धुराडे लांबवायचे आणि आत आधीपेक्षा मोठा ड्रायव्हर उभा करायचा. माणूस मोठा झाला की त्याच्या मानाने तेच रूळ अरुंद दिसू लागतात, आणि परमुलखातले इंजिन आमच्या उसाच्या रुळांवर येते. याला वाटोळे म्हणणाऱ्याने एकदा कानस हातात धरून दाखवावी.

राहिला कोपरा. इंजिनाच्या दोन्ही बाजूंना पाण्याच्या टाक्या असत. कारखान्याच्या कचेरीत इंजिन नवे असतानाचा फोटो आहे, त्यात दोन्ही टाक्या पेटीसारख्या चौकोनी दिसतात. मी डाव्या टाकीचा पुढचा वरचा कोपरा तिरका कापला, कारण माझे इंजिन शेवटच्या हंगामातले आहे, आणि तोवर तो कोपरा खरोखरच कापलेला होता. कापताना पत्रा मीच धरला होता.

तो का कापला, हेही सांगतो. एका हंगामात उसाचे डबे जोडणाऱ्या माणसाचा उजवा पंजा इंजिन आणि डबा यांच्यामध्ये सापडला आणि त्याची तीन बोटे गेली. ऊसवाहतूक ज्यांच्या ताब्यात होती, त्या शेतकी अधिकाऱ्यांनी चौकशी करून निकाल दिला की माणूस नको त्या जागी उभा होता. आणि लगेच, हंगाम संपायचीही वाट न पाहता, आम्हाला टाकीचा कोपरा कापायला सांगण्यात आले. चूक माणसाची, तर शिक्षा टाकीला कशासाठी, असे मी तेव्हाच्या फोरमनला विचारले होते. “कापायला सांगितलंय, काप,” एवढेच उत्तर मिळाले.

यंदा बॉयलर अग्निप्रदीपनाच्या दिवशी माझे इंजिन लोकांसमोर मांडायचे ठरले. त्याआधी चेअरमनसाहेबांनी मला ते घेऊन अतिथिगृहात बोलावले. तिथे तेच शेतकी अधिकारी बसले होते. आता निवृत्त, पण खुर्चीत बसण्याची ढब तीच.

“काम सुबक आहे, मिस्त्री,” ते म्हणाले. “तेवढा कोपरा भरून घ्या. फोटोत कोपरा आहे.”

“फोटो इंजिन नवं असतानाचा आहे, साहेब.”

“टाकी गंजली म्हणून नंतर कापली. गंज कशाला मांडायचा लोकांपुढे?”

“गंज टाकीच्या तळाला लागतो. वरचा कोपरा गंजून गेलेली टाकी आपण कुठे पाहिलीत?”

ते चेअरमनकडे वळले. “वाद कशाला? ज्याचा हात गेला त्यालाच मी बोलावलंय. त्यालाही हे नको आहे.”

बोलावणाऱ्याचे नाव पुन्हा विचारू नये. शेतकी साहेबांनी बोलावले होते, मी नव्हे.

तो आत आला. उजवा हात सदऱ्याच्या खिशात. त्याने वाकून इंजिन पाहिले आणि माझ्यावरच उसळला.

“फिटर, माझी तुटकी बोटं काचंत मांडतोस व्हय? जलमभर लोकांनी थोट्या म्हनून हाक मारली. आता नातवंडांनी बी बघायचं? भर तो कोपरा!”

पढवलेला साक्षीदार असा बोलतो का, हे टपरीवरच्या विद्वानांनी मला समजावून सांगावे.

साहेब हसले. कापलेला तुकडा मी टाकत नाही, तो एका काडेपेटीत ठेवून बरोबर आणला होता. चेअरमनसाहेबांनी ती पेटी माझ्याकडे सरकवली. तो तुकडा चिकटवायला दोन थेंब पुरले असते, आणि मग हा माणूस आपल्या चुकीने थोटा झाला, हेच कायमचे खरे ठरले असते.

“भरतो,” मी म्हणालो. “पण आधी सांग, त्या दिवशी तू उभा कुठे होतास?”

“जाऊ द्या आता, मिस्त्री,” साहेब घाईने म्हणाले.

त्या घाईनेच काम केले असावे. त्याने साहेबांकडे पाहिले, मग माझ्याकडे. काडेपेटीत तुकड्याशेजारी जुन्या काड्या होत्या. त्यातली एक त्याने डाव्या हाताने मोडली. इंजिन एका फळीवरच्या रुळांवर उभे होते. डब्याला टेकणाऱ्या पुढच्या बफरच्या डाव्या बाजूला, स्लीपरांच्या फटीत, त्याने ती काडी उभी केली.

“हितं. डबा जोडायची खीळ टाकायला मानूस उभा ऱ्हातो, तितंच.”

मग त्याने कोपऱ्याचा तुकडा उचलून टाकीवर ठेवायचा प्रयत्न केला. तो दोनदा निसटला.

“साहेब, माझ्या हातात काय ह्यो ऱ्हायचा न्हाई. तुमचा कोपरा, तुमीच धरा.”

चेअरमन पाहत होते. साहेबांना उठावे लागले. त्यांनी दोन बोटांनी तुकडा टाकीवर धरला. तो गुडघ्यावर बसला आणि केबिनच्या मागच्या मोकळ्या बाजूला डोळा लावून ड्रायव्हरच्या खिडकीतून पुढे पाहू लागला.

“चेअरमनसाहेब, तुमी बघा.”

चेअरमन चष्मा कपाळावर सरकवून वाकले. “काडी दिसत नाही.”

“आता काढा, साहेब.”

साहेबांची बोटे हलली नाहीत.

“काढा की. लई जड हाय का?”

साहेबांनी तुकडा उचलला.

“दिसली,” चेअरमन म्हणाले.

“ती काडी म्हंजी म्या,” तो उठत म्हणाला. त्याने उजवा हात खिशातून काढला होता आणि टेबलावर टेकला होता. “म्या माझ्या जागंवरच हुतो. डायवरला म्या दिसलोच न्हाई.” मग माझ्याकडे वळून, तितक्याच रागाने, “ऱ्हाऊ दे कापल्याला. आन् काडी बी हितंच ऱ्हाऊ दे.”

साहेब हल्ली म्हणतात की एवढ्याशा खेळण्यावरून काही सिद्ध होत नाही, डोळा कुठे ठेवता त्यावर सगळे असते. हे मला मान्य आहे. म्हणूनच तो ड्रायव्हरच्या खिडकीशी ठेवावा, कचेरीतल्या फोटोशी नाही.

अग्निप्रदीपनाला इंजिन काडीसह मांडले गेले आणि तेव्हापासून अतिथिगृहातल्या पेटीत आहे. पेटी झाडणारा मात्र कचरा समजून काडी काढून टाकतो. त्याला मी दोनदा समजावले, तरी हाताची सवय जात नाही. म्हणून महिन्यातून एखादी फेरी मारतो, काच सरकवतो आणि बफरशेजारी नवी काडी उभी करतो. मी आयुष्यात विडी ओढलेली नाही, पण माझ्या खिशात काडेपेटी असते. ती पाहून लोक जे काही बोलतात, तेही खोटे आहे.