विकलेल्या घराचं कुलूप

माझे मामा कुलूपवाले. किल्ली हरवली म्हणून कोणी दुकानात आलं की मामा आधी त्या माणसाला न्याहाळायचे, मग कुलपाला. घर याचंच कशावरून? ही त्यांची पहिली शंका. बँकेने जप्त केलेल्या घरांची कुलपं फोडायलाही त्यांनाच बोलवायचे, त्यामुळे माणसांवरचा उरलासुरला विश्वासही उडाला होता. मी चहा केला तरी साखर कुठून आणलीस, असं विचारायचे.

दुकानाच्या पलीकडच्या गल्लीत त्यांची दोन खोल्यांची जागा होती, कर्ज काढून घेतलेली. तिथे शिवणकाम करणाऱ्या ताई भाड्याने राहायच्या. मामांना जागा विकायची होती, ताईंना घ्यायची होती, पण ताईंना कर्जासाठी कोणतीच बँक दारात उभं करेना. शेवटी असं ठरलं, की ताईंनी थोडी रक्कम आधी द्यायची आणि बाकीची दरमहा मामांना. मामांनी त्यातून आपल्या कर्जाचा हप्ता भरायचा, उरेल ते त्यांचं. सगळं फिटलं की घर ताईंच्या नावावर. बँकेनेही हरकत घेतली नाही. करार लिहिणाऱ्या वकीलबाई म्हणाल्या, हप्ता ताईंनी थेट बँकेतच भरू दे. मामा म्हणाले, पैसे आधी माझ्या हातात आले पाहिजेत. साक्षीदार म्हणून सही मी केली, कारण दुसऱ्या कोणाची सही त्यांना खरी वाटेना.

ताई महिना लागला की पैसे आणून द्यायच्या. मामांना त्यातच पाणी मुरताना दिसलं. इतकं वेळेवर कोण देतं? कपडे शिवून एवढे पैसे येतात का? एकदा ताई दाराला रंग देताना दिसल्या, तेव्हा तर मामांची झोप उडाली.

"अजून घर नावावर नाही आणि रंग लावतेय," ते मला म्हणाले. "हिला नक्की काहीतरी कळलंय."

काय कळलंय, ते त्यांनाही सांगता येईना. माणसाला स्वच्छ दार आवडू शकतं, असं मी वैतागून म्हटलं, तर माझ्याकडेही संशयाने बघितलं.

एका दुपारी ताई दुकानात आल्या. हातात दारावरून सोलून काढलेली नोटीस होती, तिच्या कोपऱ्यांना नव्या रंगाचे पोपडे चिकटले होते. बँकेचे हप्ते थकले होते. भरले नाहीत तर बँक जागेचा ताबा घेणार होती. माझं डोकंच सणकलं. पैसे कुठे गेले, मी मामांना विचारलं.

मामांनी कानशींच्या खणातून एक डबा काढला. ताईंनी गेले काही महिने दिलेले पैसे त्यात तसेच होते, ताईंच्याच रबरांनी बांधलेले.

"मला वाटलं, ही मधेच सोडून जाईल आणि पैसे परत मागेल," ते पुटपुटले. "बँकेत गेलेले परत मिळतात का?"

ताई भांडल्या नाहीत. जप्तीच्या कामाला मामा जी पहार नेत, ती भिंतीला टेकवून ठेवली होती. तिच्याकडे बघत त्या म्हणाल्या, "काका, कुलूप फोडायला तुम्हीच येणार होता का?"

मामांनी पहार उचलून आत ठेवली. मला त्यांची कीव आली आणि रागही आला. राग जास्त.

त्याच दिवशी डबा बँकेत रिकामा झाला, दंड मामांनी पदरचा भरला. पुढचे हप्ते ताई थेट बँकेत भरू लागल्या, आणि उरलेले पैसे घ्यायला मामांनी त्यांच्या घरी यायचं ठरलं.

मी आणि मामा पहिल्यांदा गेलो तेव्हा दारावर नवं कुलूप होतं. गल्लीपलीकडे मामांचं दुकान असताना ताईंनी लांबून दुसरा कारागीर आणला होता. मामांनी चष्मा लावला, वाकून बघितलं, कड चाचपली. दुसऱ्याच्या कामाला बरं म्हणायची त्यांना सवय नव्हती.

"चांगलं बसवलंय," ते म्हणाले. मग खिशातून जुन्या कुलपाची एक किल्ली काढून त्यांनी ताईंच्या हातावर ठेवली. ती त्यांच्याकडे आहे, हे मलासुद्धा माहीत नव्हतं.

"माहीत होतं," ताई म्हणाल्या, "म्हणून तर बदललं."