ढिगारेवाली

खाणीवर तिला सगळे ढिगारेवाली म्हणायचे, आणि नवरा तर घरातसुद्धा तेच म्हणायचा. तो खाणीच्या वर्कशॉपात वेल्डर. ठिणग्यांनी सदऱ्याची चाळण झालेली, पण जीभ शाबूत. दोस्तांना सांगायचा, लोकांच्या बायका सोन्यासाठी रुसतात, आमची मातीवर अंडी उबवायला बसते. ती ऐकून म्हणायची, तुमच्यासारखा दगड उबवून झाला, ही तर माती आहे.

त्याचं असं, की डोंगर फोडायच्या आधी त्याच्या अंगावरची काळी माती मुळांसकट खरवडून पायथ्याशी रचली होती. कायदाच तसा. पोटातला दगड काढून झाला की खड्डा बुजवायचा, वर ही माती पसरायची, बी टाकायचं आणि डोंगराला पुन्हा अंगभर नेसवायचं. तोवर माती राखायला कुणीतरी हवं, म्हणून जवळच्या चाळीतली ही बाई नेमली. नेमताना मुकादम हसला होता. मातीला कोण चोरतंय?

चोरायला कुणी आलं नाही, मागायला मात्र सगळे आले. हेडक्लार्कच्या बायकोला कुंड्या भरायच्या होत्या. वीटभट्टीवाला गोड बोलून बघून गेला. त्याला तिनं तोंडावर सांगितलं की माती खायची तर आपल्या दारची खा. मग खुद्द मॅनेजरसाहेबांनी गेस्टहाऊसच्या हिरवळीसाठी लोडर पाठवला. ही लोडरच्या लोखंडी बादलीसमोर फतकल मारून बसली ती बसलीच. साहेबांनी चिडून तिला कँटीन झाडायला लावलं. तर सकाळी कँटीन झाडायची आणि उरलेला दिवस ढिगाऱ्यावर जाऊन बसायची, फुकट. उघडी माती पावसानं वाहून जाते म्हणून तिनं ढिगाऱ्यावर गवताचं बी फेकलं होतं, ते चांगलं तरारलेलं. शेवटी साहेबच कंटाळले आणि तिला परत तिथेच नेमलं.

एवढा हट्ट कशासाठी, ते चाळीला ठाऊक होतं. डोंगर नागवा झाल्यापासून धूळ उंबरा ओलांडून यायची. पिठात, अंथरुणात, धाकट्या जावेच्या छातीत. जावेला खोकल्याची उबळ आली की पातळ भिंतीपलीकडून सगळं ऐकू यायचं. ही दातओठ खात पडून राहायची.

अखेर खाण आटोपली, खड्डा बुजला. बियाणंवाली बाई आली. डोंगर पुन्हा हिरवा करायचं काम तिच्याकडे. सोबत डंपर, आणि पहिल्या डंपरवर ढिगारेवालीचा धाकटा दीर. आता ती हरखून बाजूला होईल असं सगळ्यांना वाटलं. ती जागची हलली नाही.

"मावशी, याच दिवसासाठी राखलीत ना माती?" बियाणंवाली म्हणाली.

"माती न्यायला आधीही तिघं येऊन गेलेत."

बियाणंवालीनं डंपरचं दार उघडलं. म्हणाली, मग गाडीत बसा, कुठं पडते ते डोळ्यांनी बघा.

ती पदर खोचून दिराच्या केबिनमध्ये चढली. वर माती ओतली, पसरली, ती त्या मातीवरून अनवाणी चालून आली, तेव्हा कुठे दुसरी खेप भरू दिली. दीर दिवसभर धुसफुसत होता. वहिनीच्या हट्टापायी आपलं हसं होतंय, हेच त्याचं पालुपद.

ऊन कलताना फाट्यावर भरलेला डंपर डोंगराकडे वळायच्या ऐवजी गेस्टहाऊसच्या रस्त्याला लागला.

"भावजी, कुठं?"

"साहेबांनी एकच गाडी मागितलीय, वहिनी. एवढ्या ढिगातून एकीनं काय कमी होतंय?"

"थांबवा."

"नोकरी जाईल माझी."

"थांबवा म्हणते ना."

त्यानं वेग कमी केला तशी ती दार उघडून उतरली आणि पुढे जाऊन चाकासमोर उभी राहिली. तो काचेतून हात जोडत होता, शिव्याही देत होता, दोन्ही एकदमच.

"हिरवळीवर साहेब चहा पिणार," ती खालून म्हणाली. "आणि खोकणार कोण? त्याची बायको की तुमची?"

मागे दुसरी गाडी येऊन हॉर्न वाजवायला लागली. मग दिरानं हात बाहेर काढून त्या गाडीला मागे सरकवलं आणि रिव्हर्स टाकला. ती पुन्हा केबिनमध्ये चढली, आणि डंपर डोंगराकडे वळला.

माती पसरली, बी पडलं, पावसात रुजलं. मुकादमानं येऊन सांगितलं, ढीग संपला, आता तुझं काम संपलं. ती म्हणाली, संपला कुठं, पसरलाय. दुसऱ्या दिवसापासून ती वरच्या अंगाला जाऊन बसायला लागली. पगार नव्हता. नवरा डबा घेऊन वर यायचा आणि म्हणायचा, आता डोंगर उबवतेस का?

एक दिवस मॅनेजरसाहेब पाहुण्यांना घेऊन आले. हा आमचा डोंगर, असं हात पसरून दाखवत कोवळ्या अंकुरांमध्ये बुटांनी शिरले. ती कमरेवर हात ठेवून उठली.

"साहेब, खाली उतरा. पायवाट तिकडून आहे."

पाहुणे साहेबांकडे बघायला लागले. साहेबांनी आपल्या बुटांकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि टाचा उचलत उतरायला लागले.

"जिथं पाय ठेवलेत तिथंच ठेवत या," ती म्हणाली. "नवीन जागा तुडवू नका."