निळ्या कागदावरचा चावा

डॉक्टरीणबाईंनी माझ्या दातांमध्ये निळा कागद धरला. “काका, सहज चावा.”

हाडात स्क्रू घालून पक्की बसवलेली कवळी, तरी महिनाभर भाकरी तोंडात नुसती फिरते, बारीक होत नाही. मी भांडायलाच आलो होतो. कागद काढला, तर दात टेकल्याचे निळे ठिपके फक्त उजवीकडे.

“कवळीसाठी चाव्याचं माप घेतानाही असाच जबडा आवळून बसला होतात,” त्या म्हणाल्या.

बसलो होतो. बाजारात उभा राहिलो तेव्हापासूनची सवय, समोरचा भाव उतरवेपर्यंत माझा उजवा जबडा आवळलेलाच असतो. त्याच जोरावर घर उभं केलं. सैल जबड्याने माणसं जेवतात तरी कशी, कोण जाणे.

त्यांनी कवळीचे उजवे दात यंत्राने थोडे घासून नवा कागद धरला. “सहज, काका. इथे कुणी भाव करत नाही.”

चूक माझी, हे मी कबूल करणार नव्हतो. डोळे मिटून हळूच चावलं. पुन्हा उजवी बाजूच आधी टेकली.