दम्मामचे हेडमास्तर

हेडमास्तरांचं नाक एकाच माणसाचं वाटायचं नाही. वरचा भाग डावीकडे झुकलेला, शेंडा उजवीकडे. फुटबॉलमध्ये येईल तो चेंडू ते डोक्यानं परतवत, म्हणून आम्ही मराठी पोरांनी त्यांना हेडमास्तर करून टाकलं. त्या डोक्याच्या वाटेत तोंड आलं, तर ज्याचं त्याचं नशीब. माझा एक दात असाच गेला. "चेंडूकडे बघायचं, माझ्याकडे नाही," असं इंग्रजीत बजावत त्यांनीच तो वाळूतून शोधून दिला.

सौदीतल्या दम्मामच्या एका कंपनीत ते सेफ्टी बघत. आठवडाभर लोकांना हेल्मेट घालायला लावायचे आणि शुक्रवारच्या सामन्यात हेल्मेटची गरज पटवून द्यायचे.

ते मूळचे स्कॉटलंडचे; तरुणपणी तिथल्याच एका लहान क्लबाकडून पगारी खेळायचे. मोठ्या क्लबाचं बोलावणं आलं आणि त्याच हिवाळ्यात कुवेतची लढाई पेटली. राखीव सैनिक म्हणून त्यांना स्ट्रेचर उचलायला इथेच आणलं. जवळ क्षेपणास्त्र पडलं, उजवा गुडघा फुटला, पगारी खेळणं खलास. "मग पुन्हा याच देशात नोकरी का धरलीत?" मी विचारलं होतं. "माझा गुडघा इथेच आहे ना!" म्हणाले.

एकदा आमच्या एका गड्यानं खाली पडलेल्या खेळाडूच्या बरगडीत लाथ घातली. हेडमास्तरांनी आपल्याच गड्याला मानगुटीला धरून मैदानाबाहेर फेकलं. "उभ्याला भीड. पडलेल्याला उचल."

पुढे पुन्हा लढाई पेटली आणि आकाशातून ड्रोन यायला लागले. तरीही आम्ही खेळत होतो. एका शुक्रवारी संध्याकाळी डोक्यावरच एक ड्रोन पाडला गेला आणि त्याचे तुकडे आमच्या गोलामागे कोसळले. कान बधिर झाले. धूळ बसली तेव्हा आमचा गोलकीपर इरफान जाळ्यात पडला होता. मांडी फाटलेली, रक्त उसळत होतं. आम्ही सगळे गेटकडे पळालो. हेडमास्तर लंगडत उलट दिशेला धावले.

मी वळून पाहिलं तर त्यांनी जर्सी काढून मांडीला करकचून आवळली होती. इरफानचे डोळे मिटायला लागले की ते फाडकन् थोबाडीत देत. "झोपलास तर याद राख!" मी गेटजवळची गाडी मैदानात घातली. त्यांनी त्याला खांद्यावर टाकलं, तेवढ्यात दुसरा स्फोट झाला. मी स्टिअरिंगखाली वाकलो. ते वाकले नाहीत. "यल्ला, चल!" एवढंच ओरडले.

इरफान वाचला, पाय गेला. कंपनीनं गोऱ्या लोकांना परत पाठवायचं ठरवलं. विमानतळावर जाताना हेडमास्तर हॉस्पिटलात आले. इरफान गुंगीत होता. उशाशी त्याचा फोन वाजला. रत्नागिरीहून त्याची आई; हेडमास्तरांनी काय केलं ते मी तिला आधीच कळवलं होतं. मी काही बोलायच्या आत हेडमास्तरांनी फोन उचलून "हॅलो" म्हटलं.

"माज्या पोराला तूच उचललास ना रे, बाबा?" पलीकडून रडणं आलं. हेडमास्तरांना मराठीचं एक अक्षर कळत नव्हतं. मी मधे पडायला गेलो, तर त्यांनी हातानं थांबवलं. खाली ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. फोन कानाशी घट्ट धरून ते मान खाली घालून उभे राहिले, आणि येत होते ते दोनच हिंदी शब्द पुन्हा पुन्हा म्हणत राहिले, "ठीक है. ठीक है."