गिरणीपलीकडचं जपान

मुलीनं आणि जावयानं आम्हा दोघांसाठी बोटीची सहल ठरवली, तेव्हा मी खूश व्हायच्या ऐवजी भांडले. सिंगापूरला बोटीत चढायचं, समुद्रात हिंडत हिंडत जपानला उतरायचं आणि त्याच दिवशी बाकीच्या मंडळींबरोबर विमानानं परत यायचं. म्हणजे लग्नाला जायचं आणि मांडवाचा खांब शिवून माघारी फिरायचं. हळ्ळीखेडच्या मराठी शाळेत मी जन्मभर भिंतीवरच्या नकाशात छडीच्या टोकानं जपान दाखवला होता. आता खरोखर तिथं पाय लागणार, तर निदान चार रात्री तरी राहायचं, आणि तेही कुणाच्या झेंड्यामागं न चालता, आपलं आपण. मुलगी म्हणाली, "आई, तुला इंग्रजीत बोलायची पंचाईत, तिथं काय बोलणार?" मी म्हटलं, "भूक लागली की तोंडाकडं हात न्यायचा. सगळ्या जगाला कळतं."

ह्यांनी मात्र लगेच होकार दिला. हे भूमापन खात्यात होते. हुमनाबाद तालुक्यातलं असं शिवार नसेल जिथं ह्यांची साखळी पडली नाही. दोन भाऊ बांधावरून कुऱ्हाडी घेऊन उभे असले तरी हे मधून शांतपणे चालत जायचे आणि गवतात बुडालेला हद्दीचा दगड पायानं चाचपून काढायचे. "रस्त्याचं माझ्याकडं लागलं," ते म्हणाले. "तू खायाचं बघ." ते काम काही लहान नव्हतं. आम्ही लिंगायत, आणि निघालो होतो माशाच्या देशात. ज्वारीच्या कडक भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी किती न्यायची, यावर मी आणि मुलगी फोनवर तासन्‌तास घालवायचो.

राहायची जागा मुलीनंच शोधली. समुद्राकाठचं छोटं गाव, गाडीतून उतरून चालत जाता येईल असं जुनं लाकडी घर. आत भिंतीत कपाटासारखे कप्पे केलेले, प्रत्येक कप्प्यात एक माणूस, बाहेरून पडदा. फोटो बघून मी म्हटलं, ह्यात झोपायचं कसं? हे मात्र खदखदून हसले.

"अगं, ही तर आपली समाधी हाय की! पडदा तेवढा जास्तीचा."

आमच्यात माणसाला जाळत नाहीत. खड्डा खणून त्याच्या आतल्या भिंतीत कोनाडा कोरतात, त्यात मांडी घालून बसवतात आणि गळ्यातलं लिंग काढून डाव्या तळहातावर ठेवतात. ह्यांचे वडील गावाबाहेरच्या रुद्रभूमीत असेच बसलेले आहेत. मला ती थट्टा आवडली नाही. पण जागा ह्यांना इतकी पसंत पडली की दुसरी बघायला ते तयारच होईनात.

मग रोज दुपारी जेवणं झाली की आम्ही कॉम्प्युटरसमोर बसायचो. त्या गावातल्या रस्त्यांचे फोटो जोडून ठेवलेले असतात, बाणावर बोट दाबलं की आपण चालत पुढं जातो. स्टेशनच्या दारातून बाहेर, डावीकडं, छोटा पूल, कोपऱ्यावरच्या दुकानापाशी लाल टपालपेटी, तिथून उजवीकडची अरुंद गल्ली, आणि गल्लीच्या शेवटी ते घर. फोटो तिथंच संपायचे. त्याच्या पुढं बाण नव्हता.

पहिल्या दिवशी मौज वाटली. नंतर मला ते बघवेना. त्या गावात कायम तीच दुपार असायची. आवाज नाही, पान हलत नाही. पुलावर छत्री घेतलेली एक बाई एक पाय उचलून तशीच थांबलेली. आणि तिथल्या सगळ्या माणसांचे चेहरे पुसलेले. मुलगी म्हणाली, नियमच आहे तसा, कुणाची ओळख पटू नये म्हणून. कारण कळलं तरी अंगावरचा काटा गेला नाही. आरशासमोर उभी राहिले की मी आधी आपलं नाक डोळे जागेवर आहेत का ते बघायची.

ह्यांचं मात्र एवढ्यावर भागेना. कागदावरच्या नकाशावर जन्मात कधी विश्वास न ठेवलेला माणूस. "डोळ्यानं शिकलेला रस्ता इसरतो. पायाला शिकवाया पाहिजे," म्हणाले. आणि त्यांनी जे केलं ते एखाद्या मोजणीदारालाच सुचावं. दिशा आणि अंतर धरून त्यांनी जपानमधला तो रस्ता आमच्या गावच्या जमिनीवर उतरवला. आमचं फाटक म्हणजे स्टेशनचं दार. डावीकडं गेलं की ओढ्यावरची मोरी, तोच पूल. पुढं पिठाची गिरणी आली की तेच टपालपेटीचं दुकान. तिथून उजवीकडं दोन्ही बाजूंनी तुरीच्या मधून जाणारी पांदी, ती गल्ली. एवढं जुळल्यावर ते लहान मुलासारखे हरखले. रोज उन्हं उतरली की आम्ही पायात बूट घालून, पाठीला पिशवी लावून जपानला निघायचो. गाव हसायचं. गिरणीवाल्यासमोर हे कमरेत वाकून जपानीत आभार मानायचे, "आरिगातो" म्हणायचे, आणि तोही पिठानं भरलेले हात जोडून वाकायचा.

पांदीच्या शेवटी काय येतं हे पहिल्या दिवशीच कळलं होतं. ते जपानी घर ज्या जागी यायला हवं, तिथं आमच्या रुद्रभूमीचा कोपरा येत होता.

"माप चुकलं असंल," मी म्हटलं.

"माझं माप?" ते नुसते हसले.

आम्ही रुद्रभूमीच्या दगडी कुसवापाशी थांबायचो आणि माघारी वळायचो. मी तिकडं पाठ करूनच उभी राहायची. हे कुसवावर हात टेकून आत बघत राहायचे. एकदा मी विचारलं, "काय बघायलाव?" तर म्हणाले, "पडदा पडलाय. झोपले असतील." मी हात धरून ओढतच घरी आणलं.

त्याच सुमारास विसरणं सुरू झालं. आधी वाटलं, वय झालं, कुणाचं होत नाही? चष्मा फ्रिजमध्ये सापडला तेव्हा आम्ही दोघंही हसलो. मग एकदा बाजाराला हुमनाबादला गेलेला माणूस संध्याकाळपर्यंत आला नाही. शेजारचा मुलगा शोधायला गेला तर हे चौकाच्या मधोमध उभे. ज्या तालुक्याचा बांध न्‌ बांध ह्यांनी मोजला, त्या तालुक्याच्या चौकात एका पोराला विचारत होते, "हे कोन्तं गाव म्हनायचं?"

कलबुर्गीच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि मला बाहेर बोलावून सांगितलं की मेंदू आकसत चाललाय. नवीन काही टिकणार नाही, जुनं बरेच दिवस राहील. पण घरात उलटंच घडत होतं. शेजाऱ्याचं नाव गेलं, धाकट्या भावाचा चेहरा गेला, आमच्या घरातून शाळेकडं जायचा रस्ता गेला. जपानचा रस्ता मात्र जागचा हलला नाही. उलट तो वाढायला लागला. एके दुपारी जेवता जेवता हे म्हणाले, "ती पुलावरची बाई आज गेली वाटतं फुडं." मी उठून कॉम्प्युटर उघडला. बाई होती तिथंच, पाय उचलून. पण मी बघायला उठले होते, म्हणजे मलाही शंका आलीच होती ना? त्याची मला जास्त भीती वाटली.

मुलगा बेंगळूरूला असतो. तो फोनवर म्हणाला, "आई, आता राहण्याचं रद्द कर. जमलं तर बोटपण रद्द कर. घरच्या घरी माणूस हरवायलाय, तिथं कुठं शोधशील?" त्याचं काय चुकलं होतं? त्यातच त्या घराच्या मालकिणीचाही निरोप आला होता, येणार की नाही ते आठवड्यात कळवा. मी मनाशी ठरवलं की नको. ह्यांना कसं सांगायचं तेवढंच राहिलं होतं, आणि त्याचाच मला धीर होत नव्हता. ज्या माणसाकडं एवढी एकच गोष्ट शिल्लक आहे, ती आपल्या हातानं कशी काढून घ्यायची?

शेवटी एका दुपारी मी मनाचा हिय्या करून सांगितलं. ते पलंगावर बसले होते. रागावले नाहीत, वादही घातला नाही. "बरं," एवढंच म्हणाले. मला हलकं वाटलं. मी आत जाऊन जरा आडवी झाले.

डोळा लागला होता. जागी झाले तर पलंग रिकामा आणि फाटक सताड उघडं. बाहेर ऊन असं की कुत्रंसुद्धा दिसेना. सोयाबीनच्या मळणीचा धुरळा हवेत तसाच लोंबकळत होता. मी उजवीकडं, शाळेच्या दिशेनं धावणार होते. चार पावलं गेलेही. मग थांबले. शाळेचा रस्ता ह्यांना आता कुठं माहीत होता?

मी फाटकापाशी परत आले आणि डावीकडं वळले.

मोरीवर कुणी नव्हतं. गिरणी बंद होती, गिरणीवाला दारात पालथ्या पाटीवर बसला होता. मला बघून उठला. "साब इधरसेच गये, अक्का. मई सलाम किया तो झुकके आरिगातो बोले. आज अकेलेच कैसे निकले बोलके मई बी सोचा." त्याच्या हसऱ्या तोंडाकडं बघून मला रडू आलं. मी उजवीकडं पांदीत शिरले.

दोन्ही बाजूला तूर माझ्या डोक्याच्या वर गेली होती. वारा नव्हता. एक पान हलत नव्हतं. आणि चालता चालता मला वाटलं की हे मी पाहिलंय. ही तीच न संपणारी दुपार, आणि आता मी थांबले तर माझाही पाय असाच उचललेला राहील. मी मोठ्यानं हाक मारली, "अहो!" स्वतःचा आवाज ऐकायला मिळाला तेवढाच आधार.

त्या दिवशी सकाळी खालच्या गल्लीतली एक म्हातारी गेली होती. ते मला माहीत होतं, पण तोपर्यंत डोक्यात आलं नव्हतं. कुसवाच्या आत, अगदी कोपऱ्यात, तिच्यासाठी खणलेला ओला खड्डा होता. खणणारे जेवायला गेले होते, फावडी तिथंच पडलेली. खड्ड्याच्या काठावर ह्यांचे बूट होते. नुसते काढून टाकलेले नव्हते. टोकं बाहेरच्या बाजूला करून, एकाशेजारी एक नीट लावलेले. जपानमध्ये दारात जोडे असेच वळवून ठेवतात, हे मीच त्यांना वाचून दाखवलं होतं.

मी खाली वाकून बघितलं. मातीच्या पायऱ्या उतरून हे कोनाड्यात जाऊन बसले होते. मांडी घातलेली, पाठ ताठ. आमच्यात डाव्या तळहातावर लिंग ठेवतात ना, तिथं ह्यांच्या तळहातावर पासपोर्ट होता.

मी किंचाळले नाही. का कोण जाणे, पण किंचाळले तर कुणीतरी जागं होईल असं वाटलं.

"अहो, इथं कामून बसलाव?" मी हळूच विचारलं.

त्यांनी वर बघितलं. चेहरा इतका स्वच्छ, इतका ओळखीचा, असा मी कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता. "आलीस? मला वाटलं तू येत न्हाईस आता. खोली चांगली हाय. गार हाय. पन आपुन लवकर आलाव. अजून वेळ झाली न्हाई म्हनायलेत."

"कोन म्हनायलंय?"

त्यांनी पाठीमागच्या मातीच्या भिंतीवर बोटानं टकटक केलं. त्या भिंतीपलीकडं, हातभर अंतरावर, ह्यांचे वडील बसलेले आहेत.

 शाळेत तीस पोरांना सांभाळलेली बाई मी, आवाज सांभाळला. "वेळ झाली नसंल तर बसून कशाला राहायचं? चहा पिऊन येऊ चला. त्यांच्या नियमात बसत न्हाई असं आधी येनं." नियम म्हटल्यावर ते लगेच उठले. जन्मभर सरकारी नियमात चाललेला माणूस. पायऱ्या चढून वर आले, बूट घातले, आणि निघताना खड्ड्याकडं वळून कमरेत वाकले. मी त्यांचा हात जो धरला तो घरी येईपर्यंत सोडला नाही. वाटेत गिरणीवाल्यानं पाणी दिलं. माझे दात तांब्यावर वाजले.

त्याच संध्याकाळी मी त्या घराच्या मालकिणीला कळवलं, आम्ही येतोय. मुलगा चिडला. "तुलापण काहीतरी झालंय," म्हणाला. असेल. पण मला त्या पांदीत एक गोष्ट कळली होती. माझा माणूस जगात सगळीकडं हरवतो, फक्त एकाच रस्त्यावर हरवत नाही. आणि त्या रस्त्याला ह्या गावात एकच शेवट आहे. दुसरा शेवट समुद्रापलीकडं आहे, तिथं पडद्यामागं कप्पा असेल, दिवा असेल, सकाळी उठवायला कुणी असेल. मला त्या दुसऱ्या टोकाला त्यांना एकदा पोचवायचं आहे. डॉक्टरांना विचारलं, औषधं बांधून घेतली, मुलगीही आता आमच्याबरोबर येणार आहे. आपलं आपण राहायची माझी मिजास तेवढी गेली.

भाकऱ्या वाळून तयार आहेत. हल्ली दिवेलागण झाली की हे मला विचारतात, "आपुन घरी कवा जायाचं?" आपल्याच घरात, आपल्याच पलंगावर बसून. पूर्वी मी भिंतीवरचे फोटो दाखवून पटवायची, हेच आपलं घर म्हणून. आता नुसतं म्हणते, "बोट लागली की." मग ते शांत होतात, आणि जेवतात.

झोप लागत नाही ती मला. तिथं पोचल्यावर, त्या लाकडी घरात, पडद्याआड बसून त्यांनी पुन्हा हेच विचारलं, घरी कवा जायाचं, तर मी कुठल्या घराचं नाव सांगू?