काका फुलं बघायला निघाले

"थांबा, माझा जरा गोंधळ होतोय," असं म्हणून उजव्या हाताचं बोट वर करायचं, ही काकांची सवय. लिफ्टमध्ये, हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या रांगेत, गणेशोत्सवाच्या मीटिंगमध्ये, कुठेही. बोट वर गेलं की समजायचं, आता समोरच्याची धडगत नाही. कारण गोंधळ त्यांचा कधीच नसायचा. जहाजदुरुस्तीच्या कारखान्यात तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांची ड्रॉइंग तपासली होती आणि चूक दाखवायची त्यांची हीच पद्धत होती. समोरचा बिचारा त्यांना समजावून सांगायला जायचा आणि सांगता सांगता स्वतःच्याच चुकीवर जाऊन आपटायचा.

असा एखादा माणूस तुमच्याही शेजारी राहत असेल. आमच्या सिंगापूरमधल्या बेडोकच्या ब्लॉकमध्ये तो बाराव्या मजल्यावर, आमच्या समोरच्या दारात होता.

दोन हजार पाचच्या आसपासची गोष्ट. एका रविवारी काका दार वाजवून आत आले आणि म्हणाले, "अगं, तुम्ही दोघं नवराबायको एप्रिलमध्ये मोकळे आहात का? क्रीटला जाऊ. ग्रीसचं बेट आहे. तिथल्या डोंगरात वसंतात रानफुलं येतात. जमिनीखाली कांदा असतो बघ, त्याच्यातून वर येणारी."

मी बघतच राहिले. ज्या माणसाने खिडकीत कधी तुळशीचं रोप लावलं नाही, तो हे बोलत होता.

"काका, तुम्हाला फुलं कधीपासून आवडायला लागली?"

"थांब, माझा गोंधळ होतोय. फुलं न आवडणारा माणूस असतो का?"

पण मीही काही कच्च्या गुरूची चेली नाही. दोन कप चहा पाजला, कांदेपोहे खायला घातले, तेव्हा खरं काय ते बाहेर आलं.

काकांना एक मुलगी होती, एवढं मला माहीत होतं. ती सहा वर्षांची असताना काकू गेल्या आणि काकांनी तिला इथे एकट्याने वाढवलं. पुढे ती वनस्पतिशास्त्र शिकायला युरोपात गेली, तिथे क्रीटचा एक मुलगा तिला आवडला आणि तिने लग्न ठरवलं. काका लग्नाला गेले नाहीत. तिने पाठवलेलं विमानाचं तिकीट कपाटात तसंच पडून राहिलं. त्यानंतर सहा वर्षं बापलेकीत अवाक्षर नाही. आता काकांनी इंटरनेटवर वाचलं होतं की ती दर वसंतात पर्यटकांना डोंगरातली फुलं दाखवायला नेते.

"गिऱ्हाईक म्हणून गेलो तर हाकलणार नाही ना?" काका म्हणाले. "फक्त बुकिंग तुमच्या नावावर करू. माझं नाव बघून जागा नाही म्हणायची."

"म्हणजे फुलं हे निमित्त."

"निमित्त कसलं? फुलं बघूच की," काका दुखावल्यासारखे म्हणाले.

मग तयारी सुरू झाली. रोज सकाळी काका पाण्याची बाटली घेऊन बारा मजले पायी उतरायचे आणि पायी चढायचे. थंडीचा कोट आणला तो सवय व्हावी म्हणून घालून बाजारात गेले, तेव्हा कॉफीवाल्याने विचारलं, "अंकल, सो हॉट, व्हाय जॅकेट लाह?" काकांनी त्यालाही बोट वर करून दाखवलं. फुलांची लॅटिन नावं त्यांनी देवनागरीत कागदावर उतरवून घेतली होती आणि लिफ्टमध्ये ती ते पुटपुटत. सायक्लामेन काही केल्या लक्षात राहीना. शेवटी त्याचं त्यांनी 'सायकलवाला' करून टाकलं. मी हसले, तर म्हणाले, "हस, हस. माझ्या पोरीशी बोलायला दुसरं माझ्याकडे आहे काय?" मला एकदम रडू आलं. मी लिफ्टच्या बटणांकडे बघत उभी राहिले.

क्रीटच्या त्या डोंगरगावात पहिल्या सकाळी ती व्हॅन घेऊन आली. उन्हाने रापलेली, केस कापलेले, हातात यादी. आमच्याबरोबर दोन इंग्रज म्हाताऱ्या होत्या. तिने त्यांची नावं वाचली, आमची वाचली आणि वर बघितलं. काका कोट घालून उभे होते. तिने यादीची घडी घातली. मग इंग्रजीत म्हणाली, "गुड मॉर्निंग. पाण्याच्या बाटल्या सगळ्यांनी घेतल्यात ना?"

बस्. तीन दिवस हेच. सगळं इंग्रजीतून. काका पुढे पुढे चालायचे, वाकून बघायचे आणि कागदावरचं नाव घेऊन प्रश्न विचारायचे. ती म्हाताऱ्यांना द्यायची तसंच त्यांनाही उत्तर द्यायची, ना एक शब्द कमी, ना एक जास्त. ही रागावली आहे, का लाजली आहे, का हे आपले कोण हेच तिला आठवायचं नाहीये, मला काही कळेना. नवऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, "तू फुलं बघ." फुलं कसली बघतेय. खडकांच्या फटीतून, काट्यांच्या झुडपांतून नाना रंगांची फुलं वर आलेली, आणि माझे डोळे त्या दोघांवर.

चौथ्या दिवशी आम्ही डोंगरातल्या एका पठारावर गेलो. रानातले ट्यूलिप तिथे होते, वीतभर उंचीचे, गुलाबी, आत पिवळे. काका बघायला गुडघ्यावर बसले ते बसलेच, उठता येईना. नवरा पुढे व्हायच्या आत ती आली. हात धरला आणि चक्क मराठीत म्हणाली, "सावकाश उठा. गुडघा दुखत असेल तर तुम्ही इथेच बसा थोडा वेळ."

मला कोण आनंद झाला. आमच्या सांगलीच्या घरात वडिलांना 'अहो बाबा' म्हणायची पद्धत. आजही वडिलांसमोर मी मान वर करून बोलत नाही. दुपारी सगळे पाव आणि ऑलिव्ह खायला बसलो, ती व्हॅनमधून काही आणायला गेली, तशी मी काकांच्या कानाशी लागले.

"काका, बोलली की हो. आणि किती आदराने बोलली."

काकांनी हातातला पाव खाली ठेवला.

"अगं, ती मला अरेतुरे करायची," ते म्हणाले. "पहिल्यापासून. ए बाबा, हे दे, ए बाबा, इकडे ये. शाळेत कुणी हसलं तरी बदलली नाही. 'तुम्ही' आपण बसमधल्या माणसाला म्हणतो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढी लांबलचक जीभ मला देवाने कशाला दिली असेल, असं वाटलं. एकाच शब्दाने माझ्या घरात माया कळायची आणि त्यांच्या घरात परकेपणा, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

शेवटच्या दिवशी अजून वर गेलो. तिथे बर्फ वितळत होता आणि त्याच्या कडेकडेने पांढरे क्रोकस उगवत होते. काका तिच्याजवळ गेले. कागद खिशातच होता.

"मी लग्नाला यायला हवं होतं," ते म्हणाले.

तिने ऐकलं. खाली बघितलं. "तुमच्या बुटाची नाडी सुटलीय," म्हणाली, खाली बसली आणि ती घट्ट बांधली, दुहेरी गाठ मारून. मग उठून इंग्रज म्हाताऱ्यांना क्रोकसच्या पाकळ्या दाखवायला गेली.

आता याचा काय अर्थ लावायचा? तोंडाने 'तुमच्या' म्हणते आणि पायाशी बसून नाडी बांधते. परतीच्या विमानात आम्ही दोघांनी यावर डोकं फोडलं. काका खिडकीपाशी होते. त्यांनाही विचारलं. ते म्हणाले, "मला माहीत असतं तर सांगितलं नसतं का?" त्या वेळी बोट वर केलं नाही.

त्यानंतर मात्र दर रविवारी तिचा फोन यायला लागला. फोन झाला की काका आमच्याकडे येऊन बसायचे.

"काय म्हणाली?" मी विचारायचे.

"तुम्ही," काका म्हणायचे आणि चहाचा कप पुढे ओढायचे.

अशी दोन वर्षं गेली. तब्येत विचारायची, गुडघ्याला तेल लावता का विचारायची, तिकडच्या पावसाचं सांगायची, तिच्या नवऱ्याला दोन शब्द बोलायला लावायची. सगळं 'तुम्ही'मध्ये. मी एकदा म्हटलं, "काका, तुम्हीच तिला सांगा ना, पहिल्यासारखं बोल म्हणून." तर म्हणाले, "मागून घेतलेल्याला काय चव?"

तिसऱ्या वर्षी तिने त्यांना वसंतात बोलावलं. या वेळी एकट्याला. डॉक्टर नको म्हणत होते, काकांच्या हृदयाचं दुखणं तेव्हा सुरू झालं होतं. काका गेले. मी एमआरटीच्या गाडीने त्यांच्याबरोबर विमानतळापर्यंत गेले. पोचल्यावर फोन करतो म्हणाले होते, केला नाही. दुसऱ्या रविवारी नाही, तिसऱ्याही नाही. मी रोज नवऱ्यापाशी चिडचिड करायचे की माणसाला इतकं कसं कळत नाही.

एका सकाळी फोन वाजला. तिचा होता. माझा नंबर तिच्याकडे कसा आला, कोण जाणे, काकांच्या डायरीत असेल.

"ताई," ती म्हणाली, "रात्री झोपेत बाबा गेला."

पुढे ती बराच वेळ बोलत होती. मी हो हो करत होते. त्या तीन आठवड्यांत तिथे दोघांमध्ये काय झालं, त्यांच्या कानावर ते 'ए बाबा' पडलं की नाही, की त्यांना ते कधी ऐकताच आलं नाही, मला आजही सांगता येणार नाही. मी तेव्हा विचारायला हवं होतं आणि मी विचारलं नाही.

फोन ठेवला तेव्हा नवरा दाढीचा साबण तसाच लावून दारात उभा होता.

"काय झालं? काका गेले?"

मी मान हलवली. "ती 'गेला' म्हणाली," मी त्याला सांगितलं.